पाळण्याचे आटे

औंध आणि आजूबाजूच्या गावांत पाळणा नवा घेण्याची रीत कमी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून पाळणा आधी लेकीसाठी माळ्यावरून खाली उतरतो. तिचं मूल रांगायला लागलं की तो सुनेच्या खोलीत जातो, तिथून चुलत्याकडे, मग एखाद्या टेम्पोत बसून पुसेसावळीला नाहीतर वडूजला. प्रत्येक मुक्कामाच्या आधी आणि नंतर तो खोलावा लागतो, कारण उभा पाळणा कुणाच्याच दारातून सरळ जात नाही. लाकूड, पाईप, साखळ्या जपल्या जातात. हरवतं ते बारीक सामान. नट, बोल्ट, वायसर एका पिशवीत भरून ती खुंटीला टांगतात, आणि शेतकऱ्याच्या घरात अशी पिशवी ही सार्वजनिक मालमत्ता असते. एक बोल्ट पाण्याच्या मोटरीला जातो, दोन फवारणी पंपाला. तीन वर्षांनी घरात डोहाळजेवण ठरतं तेव्हा पिशवीत उरलेले असतात चार वायसर आणि एक चावी. तिचं कुलूप कुठलं, ते कुणालाच ठाऊक नसतं.

औंधला एका नातेवाइकांकडे असाच प्रसंग उभा राहिला, आणि तिथे एक नव्हे, दोन पाळणे होते. एक घरचा जुना सागवानी, चार साखळ्यांवर तुळईला टांगायचा. दुसरा शहरी, चार पायांचा, उभ्या गजांचा, ज्याला सगळे ‘कॉट’ म्हणत होते. हा दुसरा आला होता दक्षिणेतून. आटपाडी, खानापूर, विटा या पट्ट्यातली माणसं गलाईच्या म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगली आहेत. भारतातल्या कुठल्याही सराफी पेठेत मागच्या बोळात गेलं की या भागातली मराठी कानावर पडते. सणाला, जत्रेला ती गावी येतात आणि येताना शहरातलं वापरून झालेलं सामान घेऊन येतात. कॉट तशीच आली, दोरीनं बांधलेली, चादरीत गुंडाळलेली. जोडायचा कागद नव्हता आणि निम्मे बोल्टही नव्हते.

आता औंधच्या माणसाला ‘सामान हरवलंय’ ही अडचण वाटत नाही, काम वाटतं. तार असते, सुतळी असते, खिळे असतात. पण बाळाची आई, म्हणजे घरची लेक, अडून बसली की सुताराला दाखवल्याशिवाय बाळ त्यात ठेवायचं नाही. म्हणून दोन्ही पाळणे सुताराच्या पडवीत गेले, आणि त्यांच्या मागोमाग मी.

तात्यांनी (गावात त्यांना सगळे तात्याच म्हणतात) पहिल्यांदा काय केलं, तर काहीच जोडलं नाही. कॉटचे सगळे भाग पोत्यावर आडवे मांडले आणि प्रत्येक भोकात बोट घालून पाहिलं. कुठल्या भोकात लाकूड गुळगुळीत झालंय, कुठे भोक लांबट झालंय, कुठे कडेला बारीक चीर गेलीय. माझं लक्ष हरवलेल्या बोल्टांकडे होतं, त्यांचं शिल्लक राहिलेल्या भोकांकडे. कारण बोल्ट बाजारात मिळतो. भोक मिळत नाही.

एका कोपऱ्यात आधीच्या कुणीतरी बोल्टाऐवजी लाकडात जाणारा साधा स्क्रू पिळला होता. तो हातानंच बाहेर आला, सोबत लाकडाचा भुगा घेऊन. तात्या म्हणाले, “ह्यो ह्येचा न्हवंच. ह्येनं खाल्लं लाकूड.” यामागचं कारण साधं आहे. असा स्क्रू लाकडाच्या धाग्यांत स्वतःचे आटे कापत जातो. एकदा बसवून पुन्हा कधी न काढायच्या कामाला तो चांगला. पण कॉट दर वर्षा-दोन वर्षांनी खोलायची. प्रत्येक वेळी तोच स्क्रू त्याच भोकात पिळला की लाकडातले आटे झिजतात आणि पकड जाते. शिवाय खटाव-माणसारख्या कोरड्या मुलखात उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं. मार्चमध्ये कसून बसवलेला सांधा मे महिन्यात हलायला लागतो. ज्या सांध्यावर भार आहे आणि जो पुन्हा खोलायचा आहे, तिथे आरपार बोल्ट, मागे रुंद वायसर आणि नट हाच खरा इलाज.

झिजलेल्या भोकात काडीपेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून ठोकायच्या आणि वर स्क्रू पिळायचा, ही युक्ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात माहीत आहे. दाराच्या कडीला, कपाटाच्या बिजागरीला ती वर्षानुवर्षं टिकते. पाळण्याला तात्यांनी ती लावू दिली नाही. भोक मोठं करून त्यात कठीण लाकडाची खुंटी सरस लावून ठोकायची, वाळू द्यायची आणि तिच्यात नवं भोक पाडायचं, इथपर्यंत त्यांची तयारी होती, आणि तीसुद्धा भार न येणाऱ्या जागी.

मग बोल्टांचा प्रश्न. शिल्लक बोल्ट घेऊन वडूजच्या हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं नजरेनंच माप सांगितलं, “दोन सुती.” सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, दोन सूत म्हणजे पाव इंच. पण आपल्या हातात होता तो सहा मिलिमीटरचा. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. दोन बोल्ट शेजारी ठेवले तर फरक डोळ्याला दिसत नाही, आणि खरी गोची इथेच आहे. सहा मिलिमीटरच्या बोल्टाचे आटे एकमेकांपासून एक मिलिमीटरवर असतात. पाव इंची बोल्टाला एका इंचात वीस आटे, म्हणजे सुमारे 1.27 मिलिमीटरवर एक. सहाचा बोल्ट पाव इंची नटात दोन-तीन फेरे सुरेख जातो, मग आवळला जातो. हाताला वाटतं, बसला. प्रत्यक्षात एखाद-दुसरा आटाच धरलेला असतो, बाकीचे एकमेकांवर चढलेले. जोर लावला की तोही घासतो. असा सांधा दिसायला पूर्ण असतो आणि बाळ उभं राहून कठडा हलवायला लागलं की सुटतो.

या गोंधळाला इतिहास आहे आणि गंमत म्हणजे त्याचा एक धागा औंध संस्थानातूनच जातो. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिरानं 1841 मध्ये आट्यांचं एक ठरलेलं माप मांडलं. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा, एकाचा नट दुसऱ्याला लागत नसे. ब्रिटिश अमलात आपल्याकडेही हीच इंची मापं रुजली. औंध संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि तिकडे विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. त्यातल्या कुंडलजवळच्या माळावर 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावहून आपला कारखाना घेऊन आले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जागा दिली, पैसे दिले, आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. गावच्या लोहारानं घडवलेल्या अवजाराचा प्रत्येक तुकडा त्या एका अवजारापुरता असतो. साच्यातून ओतलेल्या लोखंडी नांगराचं तसं नाही. त्याचा झिजलेला फाळ काढून त्याच मापाचा दुसरा बसवता येतो. सुटा भाग बदलता येणं म्हणजे काय, हे या मुलखातल्या शेतकऱ्यानं नांगरावर शिकलं. पुढे 1956 च्या कायद्यानं देश दशमान मापांकडे वळला, कारखाने मिलिमीटरवर आले, पण बोलीत आणि दुकानाच्या खणांत सूत राहिलंच. आजही तालुक्याच्या दुकानात दोन्ही मापं एकाच फळीवर शेजारी नांदतात. म्हणून नियम एकच: बोल्ट आणि नट एकाच डब्यातून घ्यायचे, दुकानातच पूर्ण आटे हातानं फिरवून पाहायचे, आणि हाताला जोर लावावा लागला तर परत ठेवायचे.

पाळण्यासाठी साधा नट घेऊ नये हेही तिथेच कळलं. ज्याच्या तोंडाशी नायलॉनची कडी असते तो नट हादऱ्यानं सहजी सैल होत नाही. मोटारसायकलवाले तो ओळखतात. किंमत थोडी जास्त. बोल्टही असा हवा की नटातून दोन-तीन आटे बाहेर यावेत, पण लांब शेंडी राहू नये. शेंडी राहिलीच तर ती बाळाच्या बाजूला नको. वरून गोल टोपीचा नट मिळतो, तो बसवायचा, म्हणजे झबल्याचा धागा किंवा गळ्यातला काळा दोरा अडकत नाही.

एवढं सगळं आणून आम्ही परत आलो तेव्हा तात्यांनी कॉटची चौथी बाजू हातात धरली होती. ही बाजू वर-खाली सरकणारी होती. आईला वाकावं लागू नये म्हणून दोन्ही टोकांना खोबणी आणि प्लास्टिकचे खटके, बाजू खाली सरकवली की बाळ उचलता येतं. त्यातला एक खटका तुटलेला होता आणि दुसऱ्याला तारेनं बांधलं होतं. तात्यांनी ती बाजू खोबणीत बसवली, खालच्या कोपऱ्याला बाहेरून अंगठ्यानं ढकललं. कोपरा खोबणीतून निसटला आणि गादीच्या कडेशी खाली निमुळती होत गेलेली एक फट उघडली. त्यांनी त्या फटीत मूठ घातली, बाहेर काढली आणि बाजू खाली ठेवली. ही कॉट ते जोडून देणार नव्हते.

तात्यांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण याच फटीनं अमेरिकेत एक सबंध धंदा बंद पाडला होता. सरकत्या बाजूच्या कॉट तिथे कित्येक दशकं घराघरांत होत्या. लाकूड मजबूत, पण बाजू धरून ठेवणारे खटके प्लास्टिकचे. ते तुटत, वाकत, घर बदलताना हरवत. लोक मग आपल्याला सुचेल तशी दुरुस्ती करत. 2007 मध्ये एका कंपनीच्या सुमारे दहा लाख कॉट परत मागवल्या गेल्या. त्यांतला एक दोष असा की सरकती बाजू उलटी बसवली तरी ती बसायची, आणि बसवणाऱ्याला चूक कळायचीच नाही. 2009 च्या नोव्हेंबरात आणखी एका कंपनीच्या अमेरिका आणि कॅनडा मिळून एकवीस लाखांहून अधिक कॉट परत मागवल्या. तिथल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानं 2000 सालापासूनच्या किमान 32 बालमृत्यूंचा संबंध सरकत्या बाजूशी जोडला, आणि 28 जून 2011 पासून अशी कॉट बनवणं, विकणं, अगदी जुनी विकणंही बंद केलं. पाळणाघरं आणि हॉटेलांना बदलण्यासाठी 2012 च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदत मिळाली.

या मृत्यूंचं कारण समजून घेणं त्रासाचं आहे, पण टाळता येत नाही. लहान बाळाचं डोकं शरीराच्या मानानं मोठं असतं. ज्या फटीतून धड जातं, तिच्यातून डोकं जात नाही. बाजू एका कोपऱ्यात सुटली की बाळ सरकत त्या फटीत जातं, मान अडकते किंवा तोंड गादीवर दाबलं जातं, आणि त्याला मागे येण्याची ताकद नसते. आवाज होत नाही. म्हणून तिथल्या नियमात गजांमधलं अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको असं ठरलेलं आहे. नव्या नियमानं सांधे आपोआप सैल होऊ नयेत अशी सोय सक्तीची केली, आणि घरी जोडायच्या मुख्य सांध्यांना थेट लाकडात पिळायच्या स्क्रूवर बंधनं आली. तात्यांनी काढून दाखवला तसलाच भुगा हे नियम करणाऱ्यांनीही पाहिला असणार.

आणखी एक गोष्ट तिथल्या अनुभवातून घेण्यासारखी. 1998 मध्ये शिकागोत एका पाळणाघरात सोळा महिन्यांचं मूल घडीच्या कॉटमध्ये दगावलं. ती कॉट पाच वर्षांपूर्वीच परत मागवलेली होती, पण पाळणाघराला ते कळलंच नव्हतं. पुढे 2008 च्या कायद्यात त्या मुलाच्या नावानं तरतूद आली: कंपनीनं गिऱ्हाइकाचा पत्ता नोंदवून ठेवायचा, म्हणजे दोष निघाला तर कळवता येईल. फिरत्या पाळण्याला ही नोंद लागू पडत नाही. तो चौथ्या घरी पोचतो तेव्हा कंपनीच्या दप्तरात पहिलंच घर असतं. न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहून परतणारी मराठी कुटुंबं घरचं सामान कंटेनरमध्ये भरतात, त्यात 2011 च्या आधीची कॉट असेल तर ती इथे विनातक्रार दुसऱ्या बाळाला मिळते. खालच्या फळीवरचं लेबल, मॉडेल क्रमांक आणि तयार झाल्याची तारीख पाहावी. सामान हरवलं असेल तर त्या क्रमांकावर कंपनीकडूनच संच मागवावा. औंधच्या या कॉटचं लेबल कुणीतरी खरवडून टाकलं होतं.

कॉट बाद झाली, तसे सगळे जुन्या पाळण्याकडे वळले. मला तो जास्त धोक्याचा वाटत होता. तात्यांना उलट वाटत होतं, आणि त्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं: ह्यात जे काय आहे ते डोळ्यांसमोर आहे. कॉटचं बळ लाकडाच्या पोटात लपलेल्या करंगळीएवढ्या नटात असतं. टांगत्या पाळण्याचं बळ कड्यांत आणि साखळ्यांत असतं, आणि लोखंड झिजलं की दिसतं.

दिसलंच. चारपैकी दोन साखळ्यांच्या वरच्या कड्या जिथे आकड्यावर घासतात तिथे निम्म्या झिजल्या होत्या. आकडे उघड्या तोंडाचे, इंग्रजी एससारखे. जोरानं झोका दिला, साखळी क्षणभर सैल पडली, की उघड्या आकड्यातून कडी निसटू शकते. आकडे काढून टाकले आणि आडवा बोल्ट लावून तोंड बंद होणाऱ्या कड्या आणल्या. साखळ्या चारही नव्या, एकाच मापाच्या, कारण एक साखळी लांब राहिली तर पाळणा एका कोपऱ्यावर झुकतो आणि बाळ त्या कोपऱ्यात गोळा होतं.

भार किती धरायचा, यावर पडवीत बराच वाद झाला. बाळ चार किलोचं, पाळणा बारा-पंधरा किलोचा, मग एवढी चिंता कशाला असं एकाचं म्हणणं. पण झोका 30 अंशांपर्यंत गेला तर खालच्या टोकाशी साखळीवरचा ताण सव्वापटीच्या वर जातो, आणि घरातलं पाच वर्षांचं मोठं भावंड कुणाचं लक्ष नसताना पाळण्यात चढणार हे सांगायला गणित लागत नाही. म्हणून ज्वारीचं पन्नास किलोचं पोतं पाळण्यात ठेवून तासभर टांगलं आणि झोके दिले. वरचा हूक वाड्याच्या सागवानी तुळईत आरपार बोल्टानं बसवलेला होता, तो हलला नाही. स्लॅबच्या घरात मात्र हे काम वेगळं. स्लॅब ओततानाच सळईला अडकवलेला हूक असेल तर ठीक. नंतर भोक पाडून प्लास्टिकच्या गट्ट्यात पिळलेल्या हुकावर झुंबर टांगावं, पाळणा नाही.

रंगाचा विचार कुणाच्या मनात नव्हता, तो लेकीनं काढला. पाळण्याला कधीतरी हिरवा ऑइलपेंट लावलेला होता आणि दात येताना बाळ कठडा चावतंच. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे मर्यादा आली ती 1 नोव्हेंबर 2017 पासून, दहा लाख भागांत 90 भाग. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची पूड घरभर उडू शकते. तात्यांनी पाळणा गोठ्यामागे नेला, पाणी मारत ओला कागद फिरवला, तोंडाला फडकं बांधलं. घरच्या लहान पोरांना तिथे येऊ दिलं नाही. खरवडलेला रंग फडक्यात गोळा करून बांधून टाकला.

मग गादी. पाळण्याच्या मापाची, कडक, कडेला दोन बोटंही जाऊ नयेत इतकी नीट बसणारी. आजीनं राईची उशी, तीन दुपटी आणि मऊ गोधडी तयार ठेवली होती. डॉक्टर मंडळी आज सांगतात की पहिलं वर्षभर बाळाला उताणं, सपाट आणि कडक गादीवर झोपवावं, आणि त्याच्याभोवती उशी, जाड पांघरूण, मऊ खेळणी काहीच नको. आजीला हे पटलं नाही. शेवटी राईची उशी बाळ जागं असताना, आईच्या मांडीशेजारी, यावर तडजोड झाली. वरचं चिमणाळं राहिलं, पण उंच. बाळ उठून बसायला लागलं की तेही काढायचं. झोका द्यायची दोरी आतून नाही, बाहेरून बांधायची आणि झोपवून झालं की सोडून ठेवायची.

औंधला येणारे बहुतेक लोक यमाईच्या डोंगरावर जातात आणि श्री भवानी संग्रहालय पाहतात. तिथे हेन्री मूरचं माता आणि बालकाचं शिल्प आहे, रवि वर्म्याची चित्रं आहेत. बाळासाहेबांनी 1938 मध्ये उभारलेल्या त्या इमारतीत कारागिरीचे उत्तमोत्तम नमुने काचेमागे सुरक्षित आहेत. सुताराच्या पडवीत जे चाललं होतं त्यालाही कारागिरीच म्हणावं लागेल, आणि तिचा मोठा भाग ‘हे मी करून देणार नाही’ असं सांगण्यात होता. गावात असं सांगणं सोपं नाही. पावणं दक्षिणेतून कॉट घेऊन आलेलं असतं, त्याला वाईट वाटतं, सुताराची मजुरी बुडते.

झोळीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही, कारण या भागात पाळण्यापेक्षा झोळ्या जास्त आहेत. शेताच्या बांधावर बाभळीला, ऊसतोड्यांच्या कोपीत, मेंढरांमागे फिरणाऱ्यांच्या तळावर आईच्या लुगड्याची झोळी बाळाला जमिनीवरच्या विंचू-काट्यापासून, कुत्र्यापासून उंच ठेवते. जिच्याकडे दुसरा पर्याय नाही तिला झोळी वापरू नको म्हणणं हा शहरी उद्धटपणा आहे. पण दोन गोष्टी सांगता येतात. खोल झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते, म्हणून कापड ताणून रुंद ठेवावं आणि बाळ नजरेसमोर असावं. आणि बाळ उचललं की झोळी सोडून गुंडाळून ठेवावी. रिकाम्या झोळीत गरगर फिरून खेळताना मोठ्या मुलांना गळफास बसल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. त्यांत बाळ नसतं, त्याची ताई किंवा दादा असतो.

बारशाच्या आदल्या दिवशी पाळणा तुळईला चढला. गाद्या-गिरद्या, फुलांच्या माळा, बत्ताशांचा पुडा यांत त्याचे नवे बोल्ट कुणाच्या नजरेला आले नाहीत. लेकीनं मात्र बायका जमायच्या आत चारही कड्यांवरून एकदा हात फिरवला. तात्यांनी तिला दर महिन्याला पाना लावून नट तपासायला सांगितलं होतं आणि त्यासाठी योग्य मापाचा पाना देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवून दिला होता, जिथून तो मोटरीच्या कामाला कुणी नेणार नाही.

कॉटचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. पावण्यांना ती कुणाला तरी देऊन टाकावीशी वाटत होती, लाकूड चांगलं होतं. तात्यांनी सरकती बाजू करवतीनं मधोमध कापली, म्हणजे ती पुन्हा कुणाला जोडता येऊ नये. चार पाय आणि दोन फळ्या ठेवून घेतल्या. त्यांचा पाट झाला. गजांचं सरपण झालं नाही, कारण त्यांवर रंग होता.